मदत हवी आहे: सिंगापूर की न्यूझीलंड? (आई सोबत येणार आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही मुलुंडला राहतो. नवरा आयटीत, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मुलगा चौथीत. माझी आई आमच्याकडेच असते. वय ६८, बीपी आणि शुगर दोन्ही, पण स्वतःचं सगळं स्वतः करते. नवऱ्याला कंपनीच्या सिंगापूर ऑफिसात बदली मिळतेय आणि नेमकं त्याच वेळी ऑकलंडच्या एका कन्सल्टन्सीत माझं बोलणं शेवटच्या टप्प्यावर आलंय. महिनाअखेर कुठेतरी हो म्हणायचंय.

राहणीमानाचे तक्ते बघून झाले. मानव विकास निर्देशांकात दोन्ही देश पहिल्या विसात आहेत, त्यामुळे आमच्या घरापुरतं त्यातून काहीच ठरत नाही.

सिंगापूरचे फायदे सगळ्यांना माहीत आहेत: थेट विमान, साडेपाच-सहा तासांत मुंबई, कमी कर, एमआरटी (तिथली मेट्रो). गाडीची हौस आम्हाला नाही, त्यामुळे गाडी ठेवण्यासाठी घ्यावं लागणारं दहा वर्षांचं ते परवानापत्र (सीओई) लाखभर डॉलरला गेलं तरी आम्हाला फरक पडत नाही. घोडं अडतं ते कागदपत्रांवर. नवऱ्याला एम्प्लॉयमेंट पास मिळेल, म्हणजे नोकरी सुटली की साधारण ३० दिवसांत गाशा गुंडाळायचा. आईवडिलांसाठी लाँग टर्म व्हिजिट पास काढायला पगार महिना किमान १२,००० सिंगापूर डॉलर लागतो. ऑफर त्याच्या खाली आहे आणि एचआरवाले नुसतं 'बघू' म्हणतात.

पुढे पीआर (कायमचं वास्तव्य) मिळालं तर वेगळाच प्रश्न. नवऱ्याला नॅशनल सर्व्हिस (सक्तीची लष्करी वगैरे सेवा) नाही, पण आमच्यामुळे पीआर झालेल्या मुलाला मोठा झाल्यावर दोन वर्षं ती करावीच लागेल. चौथीतल्या पोराच्या वतीने आज हे कसं ठरवायचं? पीआरशिवाय राहायचं तर सरकारी शाळेसाठी परदेशी मुलांची एईआयएस ही प्रवेश परीक्षा, तीही जागा उरल्या तर. नाहीतर इंटरनॅशनल शाळा आणि तिची फी. घरही भाड्याचंच. तिथले तीन चतुर्थांशांहून जास्त रहिवासी एचडीबीच्या (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) घरांत राहतात, पण पीआर कुटुंबालासुद्धा तीन वर्षं थांबून फक्त रीसेलचंच घर घेता येतं.

न्यूझीलंडचं चित्र जवळपास उलटं. माझं काम तिथल्या ग्रीन लिस्टमध्ये (टंचाई असलेल्या कामांच्या यादीत) आहे, म्हणजे मान्यताप्राप्त कंपनीची ऑफर हातात असली की थेट रेसिडेन्सचा अर्ज करता येतो. (माझी डिग्री २००९ची. इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांकडे मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत पूर्ण सदस्य झाला २०१४ला, त्यामुळे ती 'इंजिनिअरिंग न्यूझीलंड' या तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागेल असं दिसतंय.) मुलाची सरकारी शाळा, सरकारी दवाखाना, अपघात झाला तर एसीसी या सरकारी अपघात विम्याचं संरक्षण, हे सगळं आलं. आणि मी रेसिडेंट झाले की आईला पेरेंट बूस्ट व्हिसावर बोलावता येईल, एका वेळी पाच वर्षांसाठी. मात्र तो व्हिजिटर व्हिसा. तिचा आरोग्य विमा आपणच काढायचा.

म्हणजे कायद्याने बघितलं तर आईसाठी न्यूझीलंड बरा. पण तिचा दिवस कसा जाईल याचा विचार केला की मी पुन्हा सिंगापूरकडे झुकते. इथे ती सकाळी खाली उतरते, स्टेशनजवळच्या बाजारातून भाजी आणते, देवळात जाते, कट्ट्यावर बसते, आणि यासाठी तिला आमची गरज लागत नाही. सिंगापूरला लिफ्टने खाली उतरलं की बाजार, दवाखाना, बस चालत जाण्याजोगं, आणि लिटल इंडियात सगळं वाणसामान. ऑकलंडच्या उपनगरात गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही असं दोघांनी सांगितलं. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत, आणि आई हीटर लावून घरात, हे मला डोळ्यासमोर येतं. तिला विचारलं तर 'तुम्ही न्याल तिकडे' म्हणते, त्याचा ठरवायला काडीचा उपयोग नाही!

पैशाचं थोडक्यात: न्यूझीलंडला वरच्या उत्पन्नावर ३९ टक्क्यांपर्यंत कर आणि १५ टक्के जीएसटी, सिंगापूरला २४ टक्क्यांपर्यंत आणि ९ टक्के. शिल्लक सिंगापूरला जास्त राहील, शाळेच्या फीने खाल्ली नाही तर.

आता मदत कशात हवीय ते सांगते. ऑकलंडला आईवडिलांना नेलेलं कुणी आहे का इथे? त्यांचा दिवस कसा जातो, आणि बस-ट्रेनच्या जवळचं घर घेतलं तर गाडी न चालवणाऱ्या माणसाचं खरंच भागतं का? अशी कुठली उपनगरं आहेत? आधीपासून शुगर-बीपी असलेल्यांना विमा मिळाला का, आणि त्यातून काय काय वगळलं? सिंगापूरकरांनो, पगार १२,०००च्या खाली असताना आईला नुसत्या भेटीच्या व्हिसावर जास्तीत जास्त किती दिवस ठेवता आलं, आणि मुलाच्या नॅशनल सर्व्हिसचा निर्णय तुम्ही कसा घेतलात?

'भारतातच राहा' हा सल्ला सासरकडून मिळालेला आहे, तो पुन्हा नको. पगाराचे नेमके आकडे हवे असतील तर विपूत (विचारपुशीत) सांगेन.