यंत्रात उतरवलेलं मन : मालक कोण, गुरव कोण?

कृष्णाकाठ :
आमच्या गावच्या देवस्थान इनामाचा सातबारा मी लहानपणी पाहिला. भोगवटादाराच्या रकान्यात 'श्री भैरवनाथ देव', खाली वहिवाटदार म्हणून गुरवांचं नाव. आजोबा म्हणाले, "जमीन देवाची, गुरव नुसता सांभाळतो." मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानता येतं, हे प्रिव्ही कौन्सिलने 1925 साली सांगितलं. पुजारी जमिनीचा मालक नाही, व्यवस्थापक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या प्रकरणात 2021 मध्ये पुन्हा सांगितलं.

उद्या एखाद्याच्या मेंदूची हुबेहूब नक्कल उतरवून त्याचं मन यंत्रात चालू लागलं, तर सर्व्हर ज्या कंपनीचा तिला गुरव समजा, मालक नको. ती वेळ अजून लांब आहे. फळमाशीच्या मेंदूतल्या सुमारे 1 लाख 39 हजार चेतापेशींचा (न्यूरॉन) नकाशा 2024 मध्ये पूर्ण झाला. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी. पण कंपन्यांचे करारनामे आधी येतील आणि कायदा मागून, म्हणून आत्ताच बोलू या.

काळा कोट :
साफ असहमत. मूर्तीला व्यक्ती मानणं ही मालमत्तेपुरती सोय आहे. शबरीमला निकालात (2018) न्या. चंद्रचूड यांनी लिहिलं आहे की, देवतेला असे मर्यादित हक्क मिळाले म्हणून घटनेतले हक्क आपोआप मिळत नाहीत. उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2017 मध्ये गंगा-यमुनेला जिवंत व्यक्ती ठरवलं, तेव्हा राज्य सरकारच विचारत गेलं : पुरात नुकसान झालं तर दावा कोणावर लावायचा? सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

वारसांचं काय करणार? बाप गेला, मृत्यूचा दाखला निघाला, वारस नोंदीला मुली तलाठ्याकडे गेल्या. तेवढ्यात यंत्रातून बापाचा आवाज, "जमीन माझीच आहे." आणि प्रती दोन निघाल्या तर बाप कुठला?

माहेरवाशीण :
माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. मला ती "बाई, तुम्ही कुणाच्या?" असं विचारते. आंघोळीला पाणी जास्त कढत झालं की मात्र हात झटकन मागे घेते. आठवणी गेल्या म्हणून तिचा एकही हक्क कमी झालेला नाही. मग नुसत्या आठवणी उतरवल्या म्हणून यंत्राला हक्क कसे द्यायचे? त्या यंत्राला काही दुखतं का, एवढंच मी विचारेन. दुखत असेल तर त्याला कुणी वस्तू म्हणू नये.

कृष्णाकाठ :
ताई, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. वकीलसाहेब, वारसांचा मुद्दाही मान्य. माणूस गेला की इस्टेट वारसांची. प्रतीला त्यात वाटा नको, मतही नको. मी दोनच गोष्टी धरून राहतो : न्यायालयापुढे म्हणणं मांडू दिल्याशिवाय ते मन कुणी बंद करायचं नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय दुसरी प्रत काढायची नाही.

काळा कोट :
आणि वीजबिल कोण भरणार? देवाला इनाम दिलं ते दिवाबत्ती चालावी म्हणून. जमीन नसती तर गुरवाने तेल कुठून आणलं असतं? मालमत्ता काढून घेतलीत की तुमचा बंद न होण्याचा हक्क पहिल्याच थकबाकीला विझतो.

कृष्णाकाठ :
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग दिवाबत्तीपुरतं त्याने जिवंतपणी, स्वकमाईतून वेगळं काढून ठेवावं, विश्वस्त नेमून.

काळा कोट :
स्वकमाईतून असेल तर माझी हरकत नाही. वडिलोपार्जित जमिनीतला एक गुंठाही नाही. आणि विश्वस्त त्या कंपनीचा माणूस नसावा.