मदत हवी आहे: सेकंदकाट्याची गती एकसमान की नैकसमान?

लेक नववीत आहे, मराठी माध्यम. 'समान कालावधीत समान अंतर कापलं की एकसमान गती' हे तिचं तोंडपाठ आहे. उदाहरण म्हणून तिने घड्याळाचा सेकंदकाटा लिहिला होता, तेही बरोबर धरलं गेलं. आता तीच म्हणते, "आई, हा तर उडी मारून थांबतो!" मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करून दाखवलं. खरंच, काटा टक् करून सरकतो, जरासा थरथरतो आणि पुढच्या टक् पर्यंत ढिम्म. दर सेकंदाला ६ अंश म्हटलं तर हिशेब चोख बसतो, पण अर्ध्या अर्ध्या सेकंदाने मोजलं तर एकदा ६, एकदा शून्य. मग याला काय म्हणायचं? मी कॉमर्सची, माझी गाडी इथेच अडली. शिवाय काटा गोल फिरतो, दिशा सतत बदलते, त्याचं काय?

प्रतिसाद १
लेकीचं बरोबर आहे. व्याख्या पाठ करताना तिचं शेपूट गळतं: कालावधी कितीही लहान घेतला तरी अंतर समान हवं. त्यामुळे टकटक काटा नैकसमानच. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सर्किट ती संख्या १५ वेळा निम्मी करत सेकंदाला एका ठोक्यावर आणतं आणि त्या ठोक्यासरशी छोटी मोटर काटा ढकलते. मधल्या वेळात काट्याला काही कामच नाही! अंतर-काल आलेख काढायला सांगा तिला, सरळ रेषेऐवजी जिन्याच्या पायऱ्या येतील.

प्रतिसाद २
दिशेबद्दल: न थांबता सरकणारा काटा घेतला, तर १० सेंमी लांब काट्याच्या टोकाची चाल सेकंदाला साधारण १.०५ सेंमी, कायम तेवढीच. पण वेगात दिशाही येते, म्हणून वेग क्षणाक्षणाला बदलतो आणि केंद्राकडे त्वरण असतं. चाल स्थिर, वेग बदलता. हीच एकसमान वर्तुळाकार गती.

धागाकर्ती
वा, आता उजेड पडला. पण परीक्षेत काय लिहू दे?

प्रतिसाद १
सरळ रस्त्यावर स्थिर चालीने जाणारी गाडी, वाद नको. नैकसमानसाठी झाडावरचा आंबा नको, लगेच जमिनीवर येतो. उंच इमारतीवरून सोडलेला दगड घ्या. हवेचा विरोध सोडला तर पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्यात १४.७. काटाच लिहायचा असेल तर 'न थांबता फिरणारा' हे शब्द घालायला सांगा.