गाडी सिग्नलशी बोलेल, पण स्कूटरचं काय?

चौकातला_चष्मा: सुजाण_सारथी यांनी काल लिहिलंय, 'गाड्या सिग्नलशी बोलायला लागल्या की चौकातले अपघात संपलेच समजा.' रात्रभर तेच डोक्यात. खांबावरचा डबा सेकंदाला दहा वेळा सांगणार की हिरवा अजून किती उरलाय, गाडी स्वतःचा वेग बघून चालकावर ओरडणार, 'थांब, पोचत नाहीस!' इथवर मान्य. पण अमेरिकेने या बोलण्यासाठी १९९९ साली रेडिओ लहरींचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला आणि २०२० मध्ये त्यातले ४५ मेगाहर्ट्झ वायफायला देऊन टाकले. वीस वर्षं सीटवर रुमाल टाकून ठेवला, बसायला कुणी फिरकलंच नाही! आणि फायदा कुणाला? सहा एअरबॅगवाल्याला. चौकात उडवला जातो पायी चालणारा नाहीतर दुचाकीवाला. त्याच्याकडे कुठला डबा?

सुजाण_सारथी: रुमाल टाळ्यांपुरता ठीक. उरलेले ३० मेगाहर्ट्झ याच कामाला आहेत, ते बरं विसरलात. मी मिशिगनमध्ये याच क्षेत्रात आहे. इथल्या ॲन आर्बर शहरात २०१२ मध्ये सुमारे २८०० वाहनांवर चाचणी सुरू झाली, त्यात ट्रक आणि बसही होत्या. आणि टोयोटाने जपानमध्ये २०१५ सालीच हे बाजारात आणलं. उजवीकडे वळताना समोरून गाडी किंवा पादचारी येत असेल तर चौकातला सेन्सर बघतो आणि तुमची गाडी इशारा देते. पादचाऱ्याच्या खिशात काहीही लागत नाही. जपानही डावीकडूनच चालतो, म्हणजे दुखणं आपलंच.

स्कूटरवाली_मावशी: तुमचं चालू द्या. मला सिग्नलवरच्या उलट्या आकड्यांबद्दल बोलायचंय. किती उरलेत ही माहिती आम्हाला केव्हापासून फुकट मिळतेय. लोक तिचं काय करतात? पाच दिसला की गाडी रेस, दोनला सुटलेच. त्याच वेळी आडव्या रस्त्यावरचा पिवळ्यात घुसलेला असतो. गेल्या वर्षी मी हिरवा लागल्यावरच निघाले होते. डबा उघडून आमटी रस्ताभर, मनगट अजून दुखतं. तो पोरगा मलाच म्हणतो, "काकू, तीन सेकंद होते ना!" ते शेवटचे पाच आकडे झाका.

पेठकर: टायमर बंद? मग नव्वद सेकंद इंजिन चालू ठेवायचं? पेट्रोल तुम्ही भरणार का?

स्कूटरवाली_मावशी: भरते की. हाडांच्या डॉक्टरांचं बिल तुम्ही भरा.

चौकातला_चष्मा: आमच्या चौकातला टायमर तर अकरावरून थेट चारवर येतो. म्हणे गर्दी बघून वेळ बदलते. सारथी, तुमचा डबा गाडीला काय सांगणार, अकरा की चार?

सुजाण_सारथी: चला, एक तरी कामाचा प्रश्न विचारलात. अशा सिग्नलचा नेमका अंदाज बांधणं खरंच अवघड. म्हणून संदेशात लवकरात लवकर कधी बदलेल आणि उशिरात उशिरा कधी, अशा दोन्ही वेळा देता येतात. झालं समाधान?

चौकातला_चष्मा: अर्धं. जपानचं ठाऊक नव्हतं, घ्या, मान्य. आता तो सेन्सर इथे लागलाच तर त्याच्यापुढे वाढदिवसाचा फ्लेक्स येणार नाही, तेवढं बघा.

पेठकर: आणि टायमर बंद केल्यावर नव्वद सेकंद काय करायचं, ते कुणीच सांगितलं नाही.

स्कूटरवाली_मावशी: शेवटचे पाच झाका म्हटलंय, बंद करा नाही म्हटलं! प्रतिसादही पिवळ्यातच टाकता का हो?