पोलीस ठाण्यात रात्रभर डांबलं, अटकेची नोंद नाही: आधी चौकशी की थेट दावा?

पर्वतीकर: ओळखीतल्या एका रिक्षाचालकाला पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात रात्रभर बसवून ठेवलं, पट्ट्यानं मारलं आणि सकाळी सोडून दिलं. अटक दाखवली नाही, गुन्हाही नाही. दुसऱ्या दिवशी ससून रुग्णालयात नेलं होतं, केसपेपर आहे. सहायक आयुक्तांकडे अर्ज दिलाय, पण साडेतीन महिन्यांत 'चौकशी चालू आहे' याखेरीज उत्तर नाही. चौकशीचा निकाल हातात आला की संबंधित अधिकाऱ्यावर भरपाईचा दावा लावायचा विचार आहे. बरोबर आहे का?

दिवाणीवाला: नाही, थांबू नका! महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 161 वाचा. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा लावायचा तर घटनेपासून 6 महिन्यांच्या आत. नंतर लावला तर फेटाळला जातो. खात्यातली चौकशी ही मुदत थांबवत नाही, आणि बहुतेक लोक नेमके इथेच अडकतात.

त्यात दावा लावण्याआधी नोटीस लागते. कलम 161 प्रमाणे अधिकाऱ्याला किमान 1 महिन्याची, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे सरकार आणि अधिकारी दोघांना 2 महिन्यांची. 2 महिन्यांची एकच नोटीस दोन्हींसाठी चालते, फक्त मजकुरात दोन्ही कलमं लिहा. आता हिशोब करा: साडेतीन महिने गेले, नोटिशीचे 2 धरले की साडेपाच. हातात उरतात जेमतेम दोन आठवडे. नोटीस याच आठवड्यात जायला हवी.

नोटिशीत नाव, पत्ता, तारीख, वेळ, ठिकाण, कोणी काय केलं आणि नेमकी किती रक्कम मागताय हे सगळं हवं. 'योग्य ती भरपाई' असं मोघम लिहू नका. सरकारची प्रत जिल्हाधिकारी, पुणे यांच्याकडे, अधिकाऱ्याची त्याच्या कार्यालयात. हातोहात देऊन आवक शिक्का घ्या, शिवाय स्पीड पोस्टानं पाठवा. दाव्यात प्रतिवादी 'महाराष्ट्र शासन' आणि अधिकारी स्वतःच्या नावानं. नुसतं 'पोलीस आयुक्तालय, पुणे' लिहून भागत नाही. नोटीस दिल्याचा उल्लेख दाव्यात नसेल तर तेवढ्यावरच दावा अडतो.

कसबा_वकिली: एक भर. कबुलीसाठी मारहाण करणं हे कर्तव्यात बसतच नाही, म्हणून अशी छोटी मुदत लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1963 मध्ये वेणुगोपाल प्रकरणात म्हटलं आहे. कायदा तिथला वेगळा होता, पण तत्त्व इथेही मांडता येतं. मात्र हा मुद्दा मुदत हुकल्यावर वाद घालण्यासाठी ठेवा, त्याच्या भरवशावर मुदत घालवू नका. रात्रभर डांबून ठेवणं, खोटी नोंद करणं यांत समोरचा वकील कलम 161 पुढे करणारच.

दुसरा रस्ता उच्च न्यायालयात रिट, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट तिथेच करायची याचिका. सर्वोच्च न्यायालयाच्या निलाबती बेहेरा निकालापासून (1993) मूलभूत हक्क मोडल्यास सरकारकडून थेट भरपाई मिळू शकते. पण तिथे साक्षीपुरावा तपासत बसत नाहीत, कागद भक्कम हवेत. आणि पुण्याचं प्रकरण मुंबईलाच जातं, कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे नाही.

माहितीअधिकार_पुणे: कागद भक्कम करायचे तर आजच सीसीटीव्हीच्या मागे लागा. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार (डिसेंबर 2020) ठाण्यातलं चित्रीकरण 18 महिने, निदान 1 वर्ष तरी जपायचं असतं. म्हणजे ते अजून असायला हवं. वरिष्ठ निरीक्षक आणि उपायुक्त दोघांना लेखी द्या: अमुक तारीख, रात्री इतक्यापासून सकाळी इतक्यापर्यंत, प्रवेशद्वार, व्हरांडा, कोठडी, चित्रीकरण पुसू नये. सोबत माहिती अधिकारात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्या दोन तारखांच्या स्टेशन डायरीची (ठाण्यातल्या रोजच्या नोंदवहीची) प्रत आणि ड्युटी वाटपाची यादी मागा. 'कॅमेरा बंद होता' असं उत्तर आलं तर तेही लेखीच घ्या. त्या रात्रीचा कॅमेरा बंद का होता, हे मग त्यांना कोर्टात सांगावं लागतं. चित्रीकरण किंवा मोबाइलमधले फोटो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा, नाहीतर पुराव्यात घेतानाच हरकत येते.

ससूनच्या केसपेपरमध्ये 'मारहाणीचा इतिहास: पोलीस' असं काही लिहिलंय का ते नीट बघा. बऱ्याचदा रुग्ण घाबरून 'पडलो' सांगतो आणि तेच लिहिलं जातं. तसं असेल तर वकिलाला आधीच सांगा.

पर्वतीकर: पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जायचं की नाही मग?

दिवाणीवाला: जा, पण ते दाव्याऐवजी नव्हे. निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांविरुद्ध विभागीय प्राधिकरण, त्यावरच्यांसाठी राज्य प्राधिकरण. बेकायदा डांबणं, गंभीर दुखापत, खंडणी हे विषय त्यांच्या कक्षेत येतात. तक्रारीला प्रतिज्ञापत्र जोडा. त्यांच्या अहवालातून विभागीय कारवाई किंवा गुन्हा होऊ शकतो, पण भरपाईचा हुकूमनामा हवा तर दिवाणी न्यायालयच. मानवी हक्क आयोगाची मुदत 1 वर्ष आहे, भरपाईची शिफारस तेही करू शकतात. आधी नोटीस टाका, मग हे अर्ज करा.