ग्राउलरच्या मागच्या आसनावरून पुढच्या आसनावर: हा बदल करावा का?

पश्चिमक्षितिज:

माझी मुलगी अमेरिकेच्या नौदलात नेव्हल फ्लाइट ऑफिसर (स्वतः विमान न चालवता त्यातील इतर यंत्रणा सांभाळणारी अधिकारी) असून ईए-१८जी ग्राउलर विमानाच्या मागच्या आसनावरून इलेक्ट्रॉनिक युद्धाचे, म्हणजे शत्रूचे रडार आणि रेडिओ निष्प्रभ करण्याचे, काम पाहते. भरती होताना चष्म्याशिवायची तिची नजर वैमानिकाच्या निकषात बसत नव्हती, म्हणून तिने ही शाखा स्वीकारली. पुढे डोळ्यांवर पीआरके ही नजर सुधारणारी लेझर शस्त्रक्रिया झाली आणि आता स्क्वाड्रनमधील (विमानांच्या तुकडीतील) पहिला कार्यकाळ संपत आला असताना ती वैमानिक शाखेत बदली मागण्याचा विचार करते आहे. ती २८ वर्षांची आहे. शेकडो तास लढाऊ विमानात काढलेल्या अधिकाऱ्याला नवशिक्यांच्या रांगेत पहिल्यापासून बसवणे मला काहीसे विचित्र वाटते. पूर्वीच्या अनुभवाचा खरोखर किती उपयोग होतो, आणि हा निर्णय घेताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, हे जाणकारांनी सांगावे.

जुना_प्रशिक्षक:

मी अनेक वर्षे लष्करी विद्यार्थ्यांना प्राथमिक उड्डाण शिकवले. त्यांत नॅव्हिगेटर म्हणून काम करून आलेलेही काही होते, त्यामुळे त्या अनुभवावरून लिहितो. रेडिओवरील संभाषण, हवामान, इंधनाचा हिशेब, आणीबाणीतील कार्यपद्धती आणि पुढच्या पाच मिनिटांत काय घडणार याचा अंदाज, यांत हे लोक इतर विद्यार्थ्यांच्या फार पुढे असतात. यंत्रांच्या आधाराने करायच्या उड्डाणातही त्यांना त्रास होत नाही.

अडचण हातापायांची असते. प्राथमिक प्रशिक्षणाच्या टी-६बी विमानाचे इंजिन ११०० अश्वशक्तीचे आहे. थ्रॉटल (इंजिनची शक्ती वाढवणारा दांडा) पुढे सारला की नाक डावीकडे वळू लागते आणि उजव्या पायाने रडरचे (शेपटीवरील सुकाणूचे) पेडल दाबून ते सरळ ठेवावे लागते. ही क्रिया जोवर विचार करून होते, तोवर ती उशिराच होते. आपल्या मुलीने पेन्साकोला या नौदलाच्या तळावरील प्रशिक्षणात विमान थोडेफार हाताळले असेल, परंतु ग्राउलरच्या मागच्या आसनावर नियंत्रणदांडीच नसल्यामुळे मधल्या काळात ती सवय राहिलेली नसणार.

त्याहून अवघड गोष्ट नजरेची. वर्षानुवर्षे पडद्यावरचे आकडे वाचलेला माणूस उतरतानाही आकडेच वाचत राहतो, तर जमिनीलगत आल्यावर नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे जायला हवी. त्याशिवाय विमानाची उंची किती उरली आणि नाक केव्हा उचलायचे, हे उमगत नाही. मी अशा विद्यार्थ्यांसाठी सिम्युलेटरमध्ये वेगदर्शकावर चक्क कागद चिकटवत असे.

आणखी एक खोड मी जवळजवळ प्रत्येकात पाहिली. वेग पाच नॉटने घटला की ते अगदी शांतपणे, अचूक शब्दांत ‘वेग पाच नॉट कमी’ असे सांगतात आणि थांबतात, कारण इतकी वर्षे त्यांचे काम सांगण्याचे होते आणि दुरुस्ती पुढच्या आसनावरचा माणूस करत असे. आता पुढच्या आसनावर तेच असतात, हे मेंदूला ठाऊक असूनही हाताला कळायला काही आठवडे जातात. म्हणून पहिल्यापासून शिकवण्याची अट मला योग्यच वाटते. हुद्द्याने कनिष्ठ प्रशिक्षकाकडून ऐकून घेण्याची तयारी मात्र हवी.

नोंदवही:

वरील प्रतिसाद कॉकपिटपुरता आहे. मला सेवाकालाचा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. फ्लाइट ऑफिसरला विंग्ज (प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे पंखांचे चिन्ह) मिळाल्यानंतर ६ वर्षे सेवा बंधनकारक असते, वैमानिकाला ८ वर्षे, आणि ही वर्षे वैमानिकाच्या नव्या विंग्ज मिळाल्यापासून मोजली जातात. त्याआधी प्रशिक्षणाचा मोठा कालखंड जातो आणि त्यानंतर प्रत्यक्ष वापरातील विमान शिकवणाऱ्या स्क्वाड्रनमधील मुक्काम असतो. तोवर तिच्या बरोबरीचे अधिकारी विभागप्रमुखाच्या जागेपर्यंत पोहोचलेले असू शकतात. शिवाय प्राथमिक प्रशिक्षणानंतर विद्यार्थ्याने कोणत्या प्रकारच्या विमानांकडे जायचे, हे गुण आणि पसंती यांच्याइतकेच नौदलाच्या गरजेवर ठरते, त्यामुळे ग्राउलर गृहीत धरू नये.

नेतृत्वपदासाठी हा बदल करायचा असेल, तर त्याची आवश्यकता नाही. फ्लाइट ऑफिसर स्क्वाड्रनचे प्रमुख होतात आणि अमेरिकेच्या कायद्यानुसार विमानवाहू नौकेचेही नेतृत्व करू शकतात. पुढे प्रवासी विमानसेवेत जायचा मानस असेल, तर मात्र फरक मोठा आहे. मागच्या आसनावरचे तास वैमानिकाचे तास म्हणून धरले जात नाहीत. लष्करी वैमानिकाला मर्यादित स्वरूपाचे एटीपी (प्रवासी विमानसेवेतील वैमानिकाचे) प्रमाणपत्र ७५० तासांवर मिळू शकते, तर सर्वसाधारण अट १५०० तासांची आहे.

फँटमप्रेमी:

एक उदाहरण नोंदवतो. अमेरिकी हवाई दलातील चार्ल्स डीबेलव्यू यांनी १९७२ मध्ये एफ-४ फँटमच्या मागच्या आसनावरून ६ मिग (शत्रूची सोव्हिएत बनावटीची लढाऊ) विमाने पाडण्यात भाग घेतला. व्हिएतनाम युद्धात कोणत्याही अमेरिकनाची ही सर्वाधिक संख्या होती. एवढा लौकिक पदरी असताना ते वैमानिक-प्रशिक्षणाला गेले आणि फँटमच्याच पुढच्या आसनावर परतले. अर्थात तुलना पूर्ण जुळत नाही: हवाई दलाच्या फँटममध्ये मागेही नियंत्रणदांडी असे, नौदलाच्या फँटममध्ये ती नसे.

पश्चिमक्षितिज:

सर्वांचा आभारी आहे. ‘सांगून थांबण्या’विषयीचा परिच्छेद मुलीला वाचून दाखवला तेव्हा ती बराच वेळ हसली, मोटार चालवणाऱ्या माझ्या शेजारी बसल्यावर ती नेमके तेच करते, हे मी मुद्दाम सांगितले नाही. विमानवाहू नौकेचे नेतृत्व तिच्या मनातही नाही. तिला विमान चालवायचे आहे, एवढेच तिचे उत्तर आहे. अर्ज करण्यापूर्वी तिने खासगी शाळेत लहान विमान शिकावे का?

जुना_प्रशिक्षक:

अवश्य शिकावे, पण परवाना हे लक्ष्य ठेवू नये. लहान विमानाच्या काही सवयी लष्करी प्रशिक्षणात मोडाव्या लागतात, म्हणून दहा-पंधरा तास पुरेत, आणि तेही मुख्यतः उड्डाण करून पुन्हा उतरण्याच्या फेऱ्यांचे. ग्लायडर उपलब्ध असेल तर मी त्यालाच पसंती देईन, कारण त्यात पाहण्यासारखे आकडे फारच थोडे असतात आणि इंजिन नसल्यामुळे चुकलेला अंदाज थ्रॉटलने झाकता येत नाही. प्रशिक्षकाला मात्र आपले पूर्वीचे काम पहिल्याच दिवशी सांगावे, म्हणजे तो वेगदर्शकावर कागद लावील.