दर मिनिटाला फाइंड चालवणं म्हणजे नजर ठेवणं नव्हे

खडूस_सिसॅडमिन
परवा ‘टर्मिनलवाला’ यांनी ठणकावून लिहिलं की फोल्डरमध्ये नवी फाइल आली का हे बघायला क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) दर मिनिटाला फाइंड (फायली शोधणारी आज्ञा) टाका, आयनोटिफाय (फोल्डरात काही घडलं की लिनक्स स्वतःच कळवतं ती सोय) म्हणजे हौशी पोरांचे चोचले. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

आयनोटिफाय 2005 पासून लिनक्समध्ये आहे, कर्नल (लिनक्सचा गाभा) 2.6.13 पासून. त्या हौशी पोरांची लग्नं होऊन मुलं शाळेत गेली. फाइंडला दिसते ती फक्त त्या क्षणाची अवस्था. मधल्या मिनिटात फाइल आली, कुणी उचलली, पुसली, तर तुमच्या लेखी ती आलीच नाही. त्याहून वाईट, मोठी पीडीएफ एफटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून, उतरत असताना क्रॉन जागा होतो आणि निम्मी फाइल पुढे ढकलतो. आयनोटिफायमध्ये क्लोज-राइट ही घटना आहे, लिहिणाऱ्यानं फाइल बंद केली की मगच कळतं. आरसिंक (फायलींची नक्कल करणारी आज्ञा) आणि बरेच एडिटर आधी तात्पुरत्या नावानं लिहून मग नाव बदलतात, त्यासाठी मूव्ह्ड-टू. या दोन घटना पुरतात. मॉडिफायवर, म्हणजे लिहिण्याच्या प्रत्येक तुकड्याला येणाऱ्या घटनेवर, स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना स्वतंत्र धागा काढून झोडपेन.

टर्मिनलवाला
माझं नाव शीर्षकात घालायचं राहिलं वाटतं. अहो, आमच्याकडे फायली एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर, येतात. दुसऱ्या मशीननं लिहिलेलं तुमच्या आयनोटिफायला कळतच नाही. उपफोल्डरांत ते आपोआप उतरत नाही, प्रत्येकाला वेगळी वॉच, म्हणजे पहाऱ्याची नोंद. नवा फोल्डर झाला आणि वॉच लागायच्या आत त्यात फाइल पडली, तर गेली. वॉचची मर्यादा जुन्या कर्नलवर 8192. ती 5.11 पासून रॅमप्रमाणे ठरते हे मलाही माहीत आहे, पण गिऱ्हाइकाचा सर्व्हर सेंटओएस 7 या जुन्या कर्नलच्या लिनक्सवर आहे. आणि एफटीपीचं कनेक्शन मध्येच तुटलं तरी फाइल बंद होतेच. मग तुमचं क्लोज-राइट अर्धवट फायलीवरच आनंदानं ओरडतं.

मुद्रणालयी
तुमचं चालू द्या. मराठी नाव आलं की दोघांचीही दांडी उडते. आमच्या छापखान्यात गिऱ्हाईक ‘शेतकऱ्यांची यादी’ पाठवतं. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी येतो, एक अखंड, दुसरा र आणि नुक्ता मिळून. मॅकची जुनी फाइल-व्यवस्था एचएफएस प्लस नाव साठवताना त्याची फोड करते. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. स्क्रिप्टला यादीतलं नाव जुळेना, फाइल ‘अनोळखी’ म्हणून बाजूला पडत राहिली आणि ऑपरेटरनं फुकट शिव्या खाल्ल्या.

कोकणी_काजू
म्हणून फायलींना इंग्रजी नावं द्यावीत. विषय संपला.

मुद्रणालयी
कसा संपला? रोमन लिपीत ‘ज्ञानेश्वर’ तीन कारकून तीन तऱ्हांनी लिहितात. मग शोधत बसा. पायथनमध्ये नाव एनएफसीत (युनिकोडच्या अखंड रूपात) आणायला एक ओळ लागते. एका ओळीच्या आळसापायी भाषा सोडायची?

कोकणी_काजू
फाइलच्या नावात अस्मिता कशाला? ऑर्डरचा नंबर घाला.

मुद्रणालयी
गिऱ्हाइकाला नंबर पाठ नसतो, साहेब. काउंटरवर एक दिवस उभे राहून बघा, मग सल्ले द्या.

नर्मदेहर
मी शेलमध्ये स्क्रिप्ट लिहिणं शिकायला आलो होतो. चहा ठेवतो.

खडूस_सिसॅडमिन
मूळ मुद्द्यावर या. एनएफएसचं मान्य, नाइलाजानं. तुटलेल्या कनेक्शनचंही, पण त्यावर फाइंडकडे तरी काय औषध आहे? पाठवणाऱ्यानं तात्पुरत्या नावानं चढवून शेवटी नाव बदलावं, मग मूव्ह्ड-टू पुरतं. आणि फाइंडच्या -न्यूअरवर (फाइलमधल्या बदलाची तारीख बघणारा पर्याय) विसंबणाऱ्यांनो, सीपी -पी या नक्कल-आज्ञेनं जुन्या तारखेसकट आणलेली फाइल त्याला दिसत नाही, सी-टाइम (फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ) बघावा लागतो. घटनांची रांग मात्र भरते, सहसा 16384 वर. ओव्हरफ्लो आला की सगळा फोल्डर पुन्हा वाचायचा. त्यासाठी तासातून एकदा फाइंड ठेवा.

टर्मिनलवाला
म्हणजे शेवटी फाइंडच. एवढं लिहिण्याचे कष्ट घेतलेत, आभारी आहे.

खडूस_सिसॅडमिन
तासातून एकदा. मिनिटाला नव्हे.

टर्मिनलवाला
पाच मिनिटांवर मिटवू. तुमचं ते आयनोटिफायही लावतो, लोकल डिस्कवर, हौस म्हणून.

कोकणी_काजू
आणि नावाला नंबर.

मुद्रणालयी
तुमच्या लग्नाची पत्रिका छापायला याल तेव्हा तिच्यावर नंबरच घालतो.