परदेशात शिकायला आलाय ना, मग मोबाईलवर मॅच बघत बसू नका, खेळायला जा

लीड्सचा पुणेकर:
विषय वादाचा आहे माहितीये, तरी मांडतो. मी लीड्सला मास्टर्स करतोय, घरात सगळी आपलीच पोरं, आणि आयपीएल सुरू झाली की घरात दुसरा विषय नसतो. संध्याकाळची मॅच इथे उन्हाळ्यात दुपारी तीनला लागते, सातच्या आसपास संपते, तेव्हा बाहेर लख्ख उजेड असतो आणि आमच्या मागच्याच गल्लीत क्लबचं ग्राउंड आहे तिथे नेट्स चालू असतात. आमच्यातलं एकही जण तिकडे फिरकत नाही. मी गेलो आणि आता तिसऱ्या टीममध्ये खेळतो.

त्या तिसऱ्या टीममध्ये कोण आहे सांगतो. चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा, साठी ओलांडलेला प्लंबर, एक शिक्षक, एक टॅक्सीवाले काका जे मूळचे पाकव्याप्त काश्मीरमधल्या मिरपूरचे. शनिवारी एक वाजता मॅच, सगळेच साधारण खेळतात, तरी लीगमध्ये पॉईंट टेबल आहे, स्कोअरबुक आहे, पांढरे कपडे आहेत, मॅच झाली की कव्हर्स ओढायला सगळे थांबतात. मला कोणी विचारलं नाही की कुठल्या लेव्हलला खेळलायस.

आता आपल्याकडचं बघा. पुण्यात माझ्या शाळेतली अख्खी बॅच क्रिकेटवेडी होती. अंडर-१४ ला ज्यांचं सिलेक्शन झालं ते अ‍ॅकॅडमीत गेले, बाकीच्यांचं खेळणं दहावीला संपलं. सोसायटीत बॉल खेळायला मनाई, टर्फ तासावर भाड्याने, आणि मोकळी मैदानं होती तिथे आता पार्किंग नाहीतर मांडव. आपल्याकडे क्रिकेट म्हणजे एकतर सिलेक्शन नाहीतर टीव्ही, मधलं काहीच नाही. जगातला सगळ्यात श्रीमंत बोर्ड आपला आणि साधारण खेळणाऱ्या पंचवीस वर्षांच्या माणसाला दर आठवड्याला लेदर बॉल खेळायची सोय नाही, याचा मला खरंच राग येतो. म्हणून म्हणतो, इथे आलायत तर ही संधी सोडू नका. घरी परत गेल्यावर मिळणार नाही.

रात्रपाळी:
भाऊ, शनिवारी दुपारी एक वाजता मोकळा असणारा विद्यार्थी मला दाखव. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि उन्हाळ्यात वाढेल म्हणावं तर एक वर्षाच्या मास्टर्सवाल्यांचं तेव्हा डिसर्टेशन चालू असतं, ती सुट्टी धरत नाहीत, म्हणजे तेव्हाही २० च. ते २० तास कुठे मिळतात तर शुक्रवार रात्र, शनिवार, रविवार, कारण हॉटेल आणि वेअरहाऊसला तेव्हाच माणसं लागतात. व्हिसासोबत वर्षाला ७७६ पाऊंड हेल्थ सरचार्ज आधीच भरलेला, डोक्यावर बँकेचं कर्ज, त्याला बाबांचा फ्लॅट तारण. मी शनिवारी सात तास मैदानात उभा राहिलो तर त्या महिन्याचं भाडं कोण भरणार? मोबाईलवरची मॅच भांडी धुताना पण ऐकता येते. तू ज्याला आळस म्हणतोयस ती आमच्या दिवसातली एकमेव विश्रांती आहे, तिच्यावर लेक्चर नको.

वऱ्हाडी बाप:
माझा मुलगा शेफील्डला आहे, म्हणून बोलतो. रोज फोन होतो पण बोलायला काय असतं हो, जेवलास का, थंडी किती, पैसे आहेत का, संपलं. मॅच असली की मात्र तास तास बोलतो. २०२५ च्या फेब्रुवारीत रणजीची फायनल नागपूरजवळ जामठ्याला होती, विदर्भ विरुद्ध केरळ. मी स्टेडियममध्ये अन तो तिकडे पहाटे उठून मोबाईलवर. दानिश मालेवारनं १५३ केले, आम्ही ३७९, केरळ ३४२, पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाची तिसरी रणजी. हर्ष दुबेच्या त्या सीझनला ६९ विकेट झाल्या, रणजीचा एका सीझनचा रेकॉर्ड, हे मला त्यानंच पहिल्यांदा सांगितलं, तिकडे बसून. त्याला मी सांगू का आता की बाबू मोबाईल बंद कर अन अनोळखी लोकांत जाऊन फिल्डिंग कर? तुमचं खेळा म्हणणं चांगलंच आहे, पण बघणाऱ्याला कमी लेखू नका. आम्हाला जोडून ठेवणारं तेच आहे.

संगमेश्वरी:
"मधलं काहीच नाही" हे वाक्य फक्त पुण्या-मुंबईच्या सोसायटीत राहिलेला माणूसच लिहू शकतो. दादा, कधी भातकापणीनंतर रत्नागिरी जिल्ह्यात ये. शेतं मोकळी झाली की ढेकळं फोडून, माती दाबून पिच तयार होतं आणि पावसापर्यंत दर शनिवार-रविवार टेनिस बॉलच्या मॅचेस. सरपंच चषक, ग्रामदेवतेच्या नावाचा चषक, वाडी विरुद्ध वाडी, चार-पाच ओव्हरची मॅच. शिमग्याला चाकरमानी येतात ते पालखी नाचवायला आणि खेळायला. चाळिशीपुढच्यांच्या वेगळ्या स्पर्धा असतात. रायगड-ठाण्यात आगरी-कोळी गावांत तर याहून मोठं चालतं. मी मँचेस्टरला आहे आणि आयपीएल बघतच नाही, गावच्या चषकाचं यूट्यूब लाईव्ह बघतो, कॉमेंट्री आपल्या बोलीत, फिल्डरच्या नावापेक्षा तो कोणाचा मुलगा हे आधी सांगतात. तुझ्या क्लबच्या टीमला जेवढी माणसं बघायला येत नाहीत तेवढी आमच्या बांधावर बसलेली असतात.

मुंबईचं पण सांगतो. कांगा लीग १९४८ पासून भर पावसात खेळतात, एवढे डिव्हिजन आहेत, आझाद मैदानावर एकाच वेळी इतक्या मॅच चालू असतात की एका मॅचचा पॉईंट दुसऱ्या मॅचच्या स्लिपच्या मागे उभा. तिथे ऑफिसात नोकरी करणारेच खेळतात ना? आपल्याकडे नाही असं म्हणण्याआधी शोधलंस का?

लीड्सचा पुणेकर:
@संगमेश्वरी, कांगा लीग मान्य, ती सगळ्यात जुन्या चांगल्या गोष्टींपैकी आहे, पण ती मुंबईत आहे आणि क्लब कुठल्याही रस्त्यावरच्या माणसाला खेळवतो असं नाही. गावच्या चषकाचं म्हणशील तर चार ओव्हरमध्ये टीमला हिटर लागतो, बक्षिसाचा पैसा लागलेला असतो, मग माझ्यासारखा सावकाश खेळणारा बाराव्या नंबरला बसतो आणि पाणी आणतो. मी बोलतोय ते ज्याला येत नाही त्याच्या खेळण्याबद्दल.

@रात्रपाळी, शिफ्टचं बरोबर आहे, पण सगळेच शनिवारी शिफ्टवर नाहीत. आमच्या घरातले तर सोफ्यावर आहेत. स्टुडंटना क्लब फी कमी असते, क्लबची किट बॅग असते, पॅड-हेल्मेट विकत घ्यावं लागत नाही. मधल्या वारी संध्याकाळी वीस ओव्हरच्या मैत्रीच्या मॅचेस पण होतात.

@काका, तुमच्या मुलाने जामठ्याची मॅच बघितली याचा मला आनंदच आहे. मी पण ओव्हलच्या शेवटच्या दिवशी, ४ ऑगस्ट २०२५, सिराजचा तो शेवटचा यॉर्कर उभं राहूनच बघितला, सहा रन्सनी जिंकलो तेव्हा आईला फोन लावला. बघूच नका असं मी म्हणत नाहीये.

मिरजेची:
सगळे भाऊ बोलून झाले असतील तर मी बोलते. सांगलीची स्मृती मानधना आमच्या शेजारची, तिची टीम २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमला वर्ल्ड कप जिंकली, अख्ख्या जिल्ह्याने फटाके वाजवले. आणि त्याच जिल्ह्यात मी लहानपणी भावासोबत ग्राउंडवर गेले की मला बॉल आणून द्यायचं काम. बॅटिंग कधी मिळाली तर "तिला अंडरआर्म टाक रे". @संगमेश्वरी दादा, तुमच्या चषकात वाडी विरुद्ध वाडी आहे, चाळीशीवाले आहेत, मुली कुठे आहेत? बांधावर बसलेल्या. बक्षीस समारंभाला ओवाळायला.

इथे बर्मिंगहॅमला आले तेव्हा मला बॅट नीट धरता येत नव्हती. एका क्लबला बायकांचं सॉफ्टबॉल क्रिकेट असतं, मऊ बॉल, पॅड लागत नाहीत, कोणालाही येता येतं, माझ्यासोबत दोन मुलांच्या आया आहेत ज्या मुलांना सोडायला आल्या आणि स्वतःच खेळायला लागल्या. या वर्षी मी हार्डबॉलला गेले. त्याच वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केले, ३३९ चा चेस, तो मी लेक्चर बुडवून बघितला आणि रडले, पण तिचा स्क्वेअर कट नेटमध्ये मारून बघावासा वाटणं हे मला इथेच मिळालं. त्यामुळे मी धागाकर्त्याच्या बाजूने.

हेडिंग्लेचा जुना:
मी इकडे बरीच वर्षं आहे, मला त्या पांढऱ्या कपड्यांच्या चित्राबद्दल बोलायचंय. तुझ्या लीड्सचंच उदाहरण. यॉर्कशायर काउंटीने १९९२ पर्यंत मोजके अपवाद सोडले तर यॉर्कशायरबाहेर जन्मलेल्या खेळाडूला घेतलं नाही, पहिला परदेशी खेळाडू आपला एकोणीस वर्षांचा सचिन. पण गल्लीतल्या आशियाई मुलांना त्याने काय मिळालं? ब्रॅडफर्डच्या लोकांना आपली वेगळी संडे लीग चालवावी लागली. यॉर्कशायरकडून खेळलेल्या अझीम रफीकने २०२१ मध्ये संसदेच्या समितीपुढे तिथल्या वंशभेदाबद्दल जे सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलंय, आणि २०२३ च्या जूनमध्ये स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला त्यात स्पष्ट लिहिलंय की इथल्या क्रिकेटमध्ये वंशभेद, वर्गभेद, लिंगभेद मुरलेले आहेत. तुला चांगला क्लब मिळाला, छान. पण त्याला अख्ख्या इंग्लंडचा नमुना करू नको. मॅचनंतर सगळे पबमध्ये बसतात तेव्हा न पिणाऱ्या मुलाला टीममध्ये किती धरतात ते एकदा त्या मिरपूरच्या काकांना विचार.

डॉर्टमुंड:
जर्मनीतून. इथे ना हिरवळ ना चहा-सँडविच. शहराबाहेरच्या फुटबॉलच्या जागेवर मॅट अंथरून खेळतो. २०१५ नंतर अफगाण मुलं आली त्यांनी इथले क्लब जिवंत केले, आता त्यांच्याबरोबर आम्ही भारतीय विद्यार्थी. आमचा कॅप्टन कुंदूझचा आहे, जर्मन तोडकं-मोडकं, बॉलिंग १३० ची. भाषा शिकायला क्लास लावले होते, खरी शिकलो ती मॅट गुंडाळताना, कारण आमच्यात दुसरी समान भाषाच नाही. त्यामुळे खेळा या मताला पूर्ण पाठिंबा, पण इंग्लंडच्या गावाचं कौतुक बाजूला ठेवा, त्याची गरज नाही.

संगमेश्वरी:
@मिरजेची, मुलींचं तुझं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मंडळाच्या ग्रुपवर आज टाकतो. आमच्याकडून स्पॉन्सरशिप जाते दरवर्षी, मुलींची मॅच ठेवली तरच पैसे पाठवू असं इथल्या पोरांनी मिळून म्हणता येईल.
पण @पुणेकर, तुझ्या मूळ मुद्द्याशी अजून सहमत नाही. गावात सोय नसेल तर ती करायची, लीड्सला मिळतेय म्हणून तिकडचीच आरती ओवाळायची नाही. आपल्या पंचायतीत एक मैदान राखीव ठेवायला लावणं हे आपलं काम आहे.

लीड्सचा पुणेकर:
मग आपण एकच बोलतोय रे! मला हेच हवंय, फक्त मी ते इथे खेळून बघितल्याशिवाय मागू शकलो नसतो. इथे समजलं की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या टीमला जागा द्यायची तर काय लागतं. स्टेडियम लागत नाही. एक रोलर, दोन कव्हर, शेड, आणि शनिवारी गवत कापणारे तीन निवृत्त लोक. पुण्यात महापालिकेची जी मैदानं उरलीत त्यातलं एक जरी आठवड्यातून एक दिवस असं चालवलं तरी पुष्कळ. @हेडिंग्लेचा जुना, अहवालाचं मान्य, आमच्या क्लबमध्ये पण बारमध्ये कोण बसतं आणि कोण लगेच घरी जातं हे मला दिसतं. तरी शनिवारी एक वाजता ते काका आणि तो प्लंबर एकत्र ओपनिंगला जातात, हे मी सोडणार नाही.

रात्रपाळी:
माझा मुद्दा तिथेच आहे. मैदान, रोलर, कव्हर सगळं असून ज्याला शनिवार नाही त्याचं काय? पुण्यात पण डिलिव्हरीवाल्या पोराला शनिवार नसतो. मधल्या वारच्या मॅचेस कुठल्या क्लबला असतात त्यांची नावं मेसेज करा, माझा मंगळवार मोकळा आहे.